ताल चुकतो तो हाताचा की यंत्राचा?
संगणकावरील रिदम गेमची बलस्थाने आणि अडचणी

पडद्यावर एक वर्तुळ उमटते, त्याभोवतीचे कडे आक्रसत येते आणि ते वर्तुळाला भिडते त्याच क्षणी कळ दाबायची असते. तो क्षण संगीतातील ठोक्याचा असतो. ठोका आणि बोट यांत किती अंतर पडले हे संगणक मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतो आणि त्यावरून गुण देतो. ‘रिदम गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळप्रकाराचा गाभा एवढाच आहे. नियम इतका सोपा असूनही घरच्या संगणकावर हा खेळ प्रथमच खेळणाऱ्याला अनेकदा चमत्कारिक अनुभव येतो. ठोका अचूक साधल्याची ग्वाही कान देतात आणि पडदा मात्र उशीर झाल्याचे सांगतो.

अशा वेळी नवखा खेळाडू दोष स्वतःकडे घेतो. आपल्याला तालाचे अंग नाही, असा निष्कर्ष काढून तो खेळ सोडून देतो. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. बोट वेळेवर पडलेले असते. पण कळ, संगणक, ध्वनी आणि पडदा या साखळीत कोठेतरी वेळ गळालेला असतो. या खेळप्रकारासाठी वैयक्तिक संगणक हे सर्वांत मोकळे माध्यम मानले जाते. गाणी, कळा, पडदा, हेडफोन यांपैकी प्रत्येक गोष्ट खेळाडूला स्वतः निवडता येते. मात्र ही निवड त्याची असल्यामुळे त्या सर्वांचा मेळ घालण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. संगणकावरील रिदम गेमचे सुख आणि वैताग या दोहोंचे मूळ येथे आहे.

आर्केडमधून घरात

आजच्या रिदम गेमचा साचा घडला तो जपानमधील आर्केड यंत्रांत. कोनामी या कंपनीने १९९७ मध्ये ‘बीटमेनिया’ आणि १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ बाजारात आणले. पहिल्यात डीजेच्या तबकडीसारखी चकती आणि कळा होत्या, तर दुसऱ्यात पायांनी दाबायचे बाण होते. त्या यंत्रांतील पडदा, ध्वनिक्षेपक, कळा आणि आज्ञावली या साऱ्यांची जुळणी उत्पादकानेच केलेली असे. नाणे टाकणाऱ्याला कशाचीही जुळवाजुळव करावी लागत नसे. २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘गिटार हिरो’ने प्लास्टिकची गिटार दिवाणखान्यात आणली.

संगणकावरील प्रवाह समांतरपणे, बराचसा हौशी कार्यकर्त्यांच्या हातून वाढला. २००१ मध्ये सुरू झालेली ‘स्टेपमेनिया’ ही मुक्त आज्ञावली नृत्यखेळाचे घरगुती रूप होती. पुढे तिच्याच आधारे ‘इन द ग्रूव्ह’ हा खेळ तयार झाला आणि २००४ मध्ये थेट आर्केडमध्ये पोहोचला. त्यावर कोनामीने दुसऱ्याच वर्षी न्यायालयात दावा दाखल केला आणि अखेरीस तडजोड होऊन त्या खेळाचे हक्क कोनामीकडे गेले. सप्टेंबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डीन हर्बर्ट यांनी ‘ओसू!’ हा खेळ विनामूल्य प्रसिद्ध केला. निन्टेन्डो डीएस या हातातल्या यंत्रावरील एका जपानी खेळापासून त्याची प्रेरणा घेतलेली होती. आज संगणकावरील रिदम गेम म्हटले की अनेकांना प्रथम ‘ओसू!’ आठवतो.

मोकळीक ही जमेची बाजू

‘ओसू!’ किंवा ‘स्टेपमेनिया’ यांत गाण्याची आखणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. कोणता ठोका केव्हा आणि कोठे यावा, याची ती यादीच असते. ती कोणालाही उघडून वाचता येते आणि चिकाटी असेल तर नवी लिहिता येते. त्यामुळे खेळात कोणती गाणी असावीत, हे कंपनीपुरते मर्यादित राहत नाही. जपानी चित्रपटगीत, युरोपातील नृत्यसंगीत, पियानोची रचना किंवा एखाद्या अप्रसिद्ध संगीतकाराची धून, यांपैकी कशाचीही आखणी होऊ शकते. ‘ओसू!’मध्ये अशी आखणी अधिकृत क्रमवारीत घेण्यापूर्वी जाणते खेळाडू तिची तपासणी करतात, ठोके गाण्याशी जुळतात का हे पाहतात आणि दुरुस्त्या सुचवतात.

गाण्यांवरचा हा ताबा किती मोलाचा आहे, हे २०१५ मध्ये कन्सोलवर आलेल्या ‘गिटार हिरो लाइव्ह’च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्यातील बहुतांश गाणी कंपनीच्या सर्व्हरवरून प्रसारित होत असत. १ डिसेंबर २०१८ रोजी ती सेवा बंद झाली आणि खेळाडूंकडे चकतीवरची केवळ ४२ गाणी उरली. याउलट ‘स्टेपमेनिया’साठी वीस वर्षांपूर्वी कोणी लिहिलेली आखणी संगणकात जपून ठेवलेली असेल, तर ती आजही खेळता येते.

दुसरे बलस्थान साधनांचे. एकच खेळ कोणी कीबोर्डवर खेळतो, कोणी माउसवर. कोणी चित्रकारांच्या डिजिटल पाटीवर, तर कोणी पायाखालच्या नृत्यपट्टीवर. ‘ओसू!’मधील अनेक अव्वल खेळाडू एका हाताने पाटीवरील लेखणी फिरवतात आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कीबोर्डच्या कळा वाजवतात. एखाद्या कळीची जागा अडचणीची वाटली, तर ती बदलता येते. बाणांचा वेग, रंग, आकार आणि मागची चित्रेही बहुधा बदलता येतात. ज्यांच्या हाताला किंवा नजरेला मर्यादा आहेत, त्यांच्यासाठी ही सोय खेळता येणे आणि न येणे यांतील फरक ठरू शकते.

तिसरा लाभ पडद्याचा. दूरचित्रवाणी संच साधारणतः सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दोन चित्रांत १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ते सुमारे ७ आणि २४० हर्ट्झवर सुमारे ४ मिलिसेकंदांवर येते. वेगाने सरकणारे ठोके अशा पडद्यावर अधिक स्पष्ट दिसतात. तथापि खेळाला सुरुवात करण्यासाठी महाग साधनांची गरज नाही. यांतील कित्येक खेळ विनामूल्य आहेत आणि साध्या संगणकावरही चालतात.

मिलिसेकंदांचे गणित

संगणकावरील अडचण समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. मिनिटाला १८० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ३३३ मिलिसेकंदांचे अंतर असते. त्याच लयीत चौगुन वाजवायची झाली, तर प्रत्येक आघातासाठी सुमारे ८३ मिलिसेकंद मिळतात. कठीण आखण्यांत बोटांना याच गतीने सलग धावावे लागते.

खेळ किती चूक खपवून घेतो, हेही ठरलेले असते. ‘ओसू!’मध्ये काटेकोरपणाची पातळी ८ असेल, तर सर्वोच्च गुणांसाठी ठोक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे ३२ मिलिसेकंदांची मुभा मिळते. पातळी १० असेल तर ती २० मिलिसेकंदांवर येते. ‘स्टेपमेनिया’च्या मूळ मांडणीत सर्वोच्च शेरा मिळवण्यासाठी २२.५ मिलिसेकंदांच्या आत पाऊल पडावे लागते. पापणी लवण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आता ब्लूटूथ हेडफोन घातलेला खेळाडू विचारात घेऊ. त्याच्या हेडफोनमधून आवाज १८० मिलिसेकंद उशिरा येतो, असे धरले तर ८ पातळीच्या आखणीत तो कानाच्या भरवशावर कितीही अचूक वाजवो, प्रत्येक आघात १८० मिलिसेकंद उशिराच नोंदला जाईल. या पातळीवर सर्वांत कमी गुणांचा आघातसुद्धा १२० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. साहजिकच खेळाच्या लेखी त्याचे सर्व आघात चुकलेले ठरतात. हाताची चूक शून्य आणि निकालही शून्य, अशी ही स्थिती असते.

आवाज उशिरा का पोहोचतो

विंडोज प्रणालीत एकाच वेळी अनेक कार्यक्रमांचे आवाज चालू असू शकतात. ते सारे एकत्र करून एकाच ध्वनिसाधनाकडे पाठवण्यासाठी प्रणालीत मिश्रणाचा टप्पा असतो. आवाज तुटू नये म्हणून तो थोडा थोडा साठवून पुढे ढकलला जातो. हा साठा मोठा असेल तर आवाज अखंड राहतो, पण उशिरा येतो. लहान असेल तर लवकर येतो, पण तुटण्याचा धोका वाढतो. सेकंदाला ४८,००० नमुने या दराने ४८० नमुन्यांचा साठा भरायला १० मिलिसेकंद लागतात. असे दोन-तीन साठे वाटेत असतील, तर सर्वोच्च गुणांची मुभा त्यातच संपते. त्यामुळे काही खेळ हे मिश्रण टाळून ध्वनिसाधनाचा थेट ताबा घेण्याची सोय देतात. त्यात दुसऱ्या कार्यक्रमाचा आवाज बंद पडतो, हा त्याचा तोटा.

ब्लूटूथमध्ये याखेरीज ध्वनीचे संकोचन, बिनतारी प्रेषण आणि हेडफोनमध्ये त्याची पुन्हा उकल, हे टप्पे असतात. त्यांत शंभर ते दोनशे किंवा त्याहूनही अधिक मिलिसेकंद जाऊ शकतात. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण चित्र तेवढेच मागे ठेवून आवाजाशी मेळ घातला जातो. खेळात मात्र बोट केव्हा पडणार हे आधी ठाऊक नसते. त्यामुळे ती सोय तेथे उपयोगी पडत नाही.

विलंब नेहमी घातकच असतो असे नाही. क्रिकेटच्या मैदानात ७० मीटर दूर बसलेल्या प्रेक्षकाला फटका आधी दिसतो आणि आवाज सुमारे २०० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. विलंब कायम तेवढाच राहिला, तर तो हिशेबात धरता येतो. रिदम गेममधील ‘ऑफसेट’ ही सोय नेमके हेच करते. खेळाडूचे साधन किती मागे आहे हे एकदा मोजून खेळ आपला निवाडा तितकाच पुढे-मागे सरकवतो. आवाजाचा आणि चित्राचा विलंब भिन्न असल्याने चांगल्या खेळांत दोन्हींची जुळणी स्वतंत्रपणे करता येते.

खरा त्रास होतो तो अस्थिर विलंबाचा. एका आघाताला १० आणि पुढच्या आघाताला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर कोणताही ऑफसेट लागू पडत नाही. पार्श्वभूमीवर चाललेले अद्ययावतीकरण, तापून मंदावलेला लॅपटॉप किंवा वीज वाचवण्यासाठी गती उतरवणारी मांडणी यांमुळे असे चढउतार होतात. सरासरी वेग उत्तम असलेल्या महागड्या संगणकावरही खेळ ‘हाताला लागत नाही’ अशी तक्रार ऐकू येते, ती यामुळेच.

काही खेळांत आणखी एक पेच असतो. त्यांत कळ दाबल्यावर गाण्यातला तो सूर वाजतो; म्हणजे खेळाडू गाणे ऐकत नसतो, तर वाजवत असतो. तबल्यावर थाप पडताच नाद उमटतो, त्यामुळे वादकाचा हात आणि कान एकमेकांना सावरत राहतात. संगणकावर तोच सूर ५० मिलिसेकंद उशिरा आला, तर ऑफसेट बदलून निवाडा सुधारेल, सूर मात्र उशिराच येत राहील. येथे विलंब प्रत्यक्ष कमी करण्यावाचून उपाय नसतो.

कळ आणि पडदा

स्वस्त कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या, की चौथी दाबली आहे की नाही हे त्या जाळीला ओळखता येत नाही. मग ती कळ नोंदलीच जात नाही. टंकलेखनात असा प्रसंग क्वचितच येतो. चार किंवा सात कळांच्या रिदम गेममध्ये तो प्रत्येक गाण्यात येतो. शिवाय साधा यूएसबी कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी संगणकाला आपली स्थिती कळवतो. खेळासाठी बनवलेले कीबोर्ड हेच काम सेकंदाला हजार वेळा करतात.

अलीकडे चुंबकीय संवेदकांचे कीबोर्ड आले आहेत. नेदरलँड्समधील ‘वूटिंग’ कंपनीची उत्पादने ‘ओसू!’च्या खेळाडूंत विशेष परिचित आहेत. त्यांत कळ पूर्ण वर येण्याची वाट पाहावी लागत नाही. बोट किंचित उचलले तरी ती सुटल्याची नोंद होते आणि लगेच पुन्हा दाबता येते. वेगवान आघातांना याचा फायदा होतो, आणि त्यातून न्यायाचा प्रश्नही उभा राहतो. एकाच क्रमवारीत कोणी शाळेच्या संगणकखोलीतील कीबोर्डवर खेळलेला असतो आणि कोणी अशा साधनावर. क्रमवारी मात्र दोघांचे आकडे शेजारी मांडते.

पडद्याच्या बाबतीत चित्र फाटल्यासारखे दिसू नये म्हणून वापरली जाणारी ‘व्ही-सिंक’ ही सोय चित्रे रांगेत उभी करते आणि विलंब वाढवते. दूरचित्रवाणी संच संगणकाला जोडला, तर चित्र सुधारण्याच्या त्याच्या स्वतःच्या प्रक्रियेत आणखी वेळ जातो. अनेक संचांत ती टाळण्यासाठी ‘गेम मोड’ दिलेला असतो.

मोकळिकीची किंमत

तांत्रिक अडचणींखेरीज काही प्रश्न या माध्यमाच्या मोकळेपणातूनच येतात. खेळाडू ज्या गाण्यांची आखणी करतात, त्यांचे हक्क बहुधा दुसऱ्याचे असतात. हौस म्हणून केलेली वाटणीही संगीतकाराच्या परवानगीशिवाय झाली, तर कायद्याच्या कक्षेत अडचणीची ठरते. ‘ओसू!’ने यावर मार्ग म्हणून संगीतकारांशी करार करून त्यांच्या रचना आखणीसाठी खुल्या करण्याचा उपक्रम चालवला आहे. त्यातून लहान संगीतकारांना नवे श्रोतेही मिळतात.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. चेक प्रजासत्ताकातील ‘बीट गेम्स’चा ‘बीट सेबर’ हा आभासी वास्तवातील खेळ संगणकावर खेळणारे अनेक जण अनधिकृत जोडण्यांच्या साहाय्याने आपली गाणी त्यात घालतात. खेळाची नवी आवृत्ती आली की या जोडण्या बंद पडतात आणि त्या दुरुस्त होईपर्यंत वाट पाहावी लागते. तिसरा प्रश्न फसवणुकीचा. संगणकात बाहेरची आज्ञावली चालवता येत असल्याने बोटाऐवजी तिच्याकडूनच कळ दाबवून घेणारेही निघतात. अशा वेळी आघातांच्या नोंदी तपासाव्या लागतात. माणसाच्या आघातांत थोडाफार विखुरलेपणा असतोच; अतिनियमितता संशयास्पद ठरते.

खेळ बनवणाऱ्यांनीही निरनिराळे मार्ग शोधले आहेत. ‘ओसू!’च्या नव्या, मुक्त स्वरूपातील आवृत्तीत कळांची नोंद चित्र रेखाटण्याच्या कामापासून वेगळी काढलेली आहे, जेणेकरून पडदा मंदावला तरी बोटाची वेळ बिघडू नये. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या ‘हाय-फाय रश’ने प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. त्यात खेळाडूने कळ थोडी आधी किंवा नंतर दाबली, तरी नायकाचा वार ठोक्यावरच बसतो. अचूकतेला केवळ अधिकचे गुण मिळतात. यामुळे तालाचा आनंद नवख्यालाही मिळतो. मात्र आपण किती अचूक आहोत हे जाणण्याची ज्याला ओढ आहे, त्याचे समाधान त्याने होत नाही.

खेळाडूने काय तपासावे

नव्या खेळाडूने स्वतःच्या तालाविषयी शंका घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात, आणि त्यांतील बहुतेक बिनखर्चाच्या आहेत. सर्वप्रथम ब्लूटूथ बाजूला ठेवून तारेचा इअरफोन लावावा. साधा, स्वस्त इअरफोनही चालतो. ध्वनिक्षेपक वापरायचा असेल तर तो जवळ असावा, कारण हवेतून तीन मीटर यायला ध्वनीला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. ध्वनीला प्रतिध्वनी किंवा सराउंडसारखे परिणाम देणारी सोय बंद करावी. खेळाच्या मांडणीतून ‘व्ही-सिंक’ काढावे, खेळ पूर्ण पडद्यावर चालवावा आणि लॅपटॉप विजेच्या जोडणीवर ठेवावा.

यानंतर ऑफसेटची जुळणी करावी. अनेक खेळ गाणे संपल्यावर आघात सरासरीने किती लवकर वा उशिरा पडले, हे दाखवतात. ओळखीच्या, सोप्या गाण्यावर तीन-चार वेळा खेळूनही आघात एकाच बाजूला तेवढ्याच अंतराने झुकत असतील, तर दोष बहुधा यंत्राचा आहे आणि ऑफसेट बदलून तो जातो. आघात दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील आणि पार्श्वभूमीवरील इतर कार्यक्रम बंद केल्यावरही तसेच राहत असतील, तर सरावाची गरज आहे असे समजावे. हेडफोन किंवा मॉनिटर बदलला की ही जुळणी पुन्हा करावी लागते.

सरावातही मर्यादा पाळायला हवी. एकाच दोन बोटांनी तासन्‌तास आघात केल्याने मनगट आणि स्नायूबंधांवर ताण येतो. वेदना किंवा मुंग्या जाणवल्यास खेळ थांबवावा आणि त्रास टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. हात दुखत असताना पडलेल्या आघातांवरून ऑफसेटही नीट लागत नाही, कारण थकलेले बोट खरोखरच उशिरा पडते.